लिनक्समध्ये विंडोजचा एकच जुना प्रोग्राम चालवायचाय: वाइन, व्हीएम की ड्युअल बूट?

खटपट्या

मंडळी, सल्ला हवा आहे. लॅपटॉपवर लिनक्स मिंट आहे, रॅम ८ जीबी, इंटेलचा चार कोअरचा प्रोसेसर. रोजचं सगळं काम त्यावर निभतं, एक सोडून. माझ्याकडे स्टिकर कापायचा जुना कटिंग प्लॉटर आहे. मशीन ठणठणीत आहे, पण डिझाइन करून त्याला पाठवायचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजचं, तेही एक्सपी आणि ७ च्या काळातलं. बनवणाऱ्यांनी दुकान केव्हाच बंद केलंय, त्यामुळे नवी आवृत्ती येण्याचा प्रश्नच नाही.

सीडी आहे. यूएसबीला लावायचं डोंगलही आहे, ते नसेल तर प्रोग्राम उघडत नाही. प्लॉटर वेगळ्या यूएसबी वायरने जोडला जातो. विंडोज १० च्या ६४ बिट मशीनवर सीडी लावून पाहिली, तर सेटअपच सुरू होत नाही, "हे अ‍ॅप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही" एवढंच म्हणतं.

एका प्रोग्रामसाठी लिनक्स सोडायची इच्छा नाही. काय करावं?

टकटक

आधी वाइन लावून बघा. व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, लिनक्सच्या आत चालणारा नकली संगणक) म्हणजे पूर्ण दुसरं विंडोज पोसायचं: त्याची रॅम, त्याची डिस्क, त्याचे अपडेट. वाइनमध्ये विंडोज नसतंच. प्रोग्राम विंडोजकडे ज्या मागण्या करतो (फाइल उघड, खिडकी काढ, फॉन्ट दे) त्या वाइन झेलतं आणि लिनक्सकडून पुऱ्या करून घेतं. हे काम १९९३ पासून चालू आहे, पहिली १.० आवृत्ती यायला २००८ उजाडलं. आज लिनक्सवर विंडोजचे जे गेम चालतात ते प्रोटॉनमुळे, आणि प्रोटॉनच्या पोटात वाइनच आहे. जुने प्रोग्राम तर त्यात नव्यांपेक्षा बरे चालतात.

जुनाखोड

सेटअप का अडला ते सांगतो. त्या काळात प्रोग्राम ३२ बिट असला तरी सीडीवरचा इन्स्टॉलर बऱ्याचदा १६ बिट असायचा. ६४ बिट विंडोजमध्ये १६ बिट प्रोग्राम चालतच नाहीत. काही ठरावीक इन्स्टॉलर विंडोज गुपचूप स्वतःच्या आवृत्तीने बदलून घेतं, बाकीच्यांना दारातूनच परत पाठवतं. म्हणजे तुमच्या प्रोग्रामचा दोष नाही, त्याला आत नेणाऱ्याचा आहे. ३२ बिट विंडोजवर तोच सेटअप सुरळीत चालेल. वाइनमध्येही चालण्याची शक्यता चांगली आहे, ते १६ बिट प्रोग्राम अजून चालवतं. विंडोज ११ मात्र ३२ बिटमध्ये निघालंच नाही, त्यामुळे त्या वाटेला जाऊ नका.

अर्धविराम

वाइनबद्दल टकटक यांच्याशी सहमत, पण डोंगल आहे हे वाचलं आणि थांबलो. डोंगलचा ड्रायव्हर (ते चालवणारा छोटा प्रोग्राम) विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात, बसतो. वाइनमध्ये विंडोजचं कर्नल नाही, मग तो बसणार कुठे? प्रोग्राम इन्स्टॉल होईल, उघडायला गेलात की "डोंगल सापडलं नाही" म्हणून बंद होईल.

प्लॉटरचं वेगळं आहे. अशा मशीनच्या यूएसबी वायरीत बहुधा सिरियल पोर्टची चिप असते आणि त्या चिपचा ड्रायव्हर लिनक्सकडे स्वतःचा असतो. वाइन तो पोर्ट कॉम१ (विंडोजमधलं पहिल्या सिरियल पोर्टचं नाव) म्हणून प्रोग्रामला दाखवू शकतं. म्हणजे मशीन वाइनमधून बोलेल, कुलूप मात्र उघडणार नाही. तासभर घालवून खात्री करून घ्या हवं तर, पण शेवटी व्हीएमकडेच यावं लागेल असं दिसतंय.

निवांत

ड्युअल बूट करा, म्हणजे लॅपटॉप सुरू करताना लिनक्स की विंडोज ते निवडायचं. अर्धी डिस्क विंडोज ७ ला द्या, झंझट संपली. व्हीएममध्ये यूएसबीची जी नाटकं होतात ती सोसायला वेळ कोणाकडे आहे?

जुनाखोड

@निवांत, लॅपटॉप फार जुना नसेल तर विंडोज ७ त्यावर बसवणं हेच मोठं नाटक आहे. ७ च्या डीव्हीडीत यूएसबी ३ चे ड्रायव्हर नाहीत, नव्या धाटणीची एनव्हीएमई डिस्क तिला ओळखू येत नाही, आणि ३२ बिट आवृत्ती यूईएफआयवरून (बायोसचा नवा अवतार) बूटच होत नाही. वर पुन्हा स्टिकरचं एक पान कापायला दरवेळी लॅपटॉप रीस्टार्ट.

व्हीएमचा इथे उलट फायदा आहे. आतल्या विंडोजला खरा लॅपटॉप दिसतच नाही. त्याला दिसतो जुन्या धाटणीचा मदरबोर्ड, साधी साटा डिस्क, ओळखीचं नेटवर्क कार्ड. बाहेरचा लॅपटॉप बदलला तरी आतलं हार्डवेअर तेच राहतं. जुन्या विंडोजला याहून सोयीचं घर आज मिळणं कठीण आहे.

खटपट्या

वाइनमध्ये करून पाहिलं. अर्धविराम म्हणाले तसंच झालं. सेटअप झकास चालला, प्रोग्रामचा पहिला पडदा आला, आणि डोंगल नाही म्हणून बंद. तर व्हीएम. माझ्याकडे विंडोज ७ ची ३२ बिट डिस्क आहे, रीतसर विकत घेतलेली, लायसन्स कीसकट. व्हर्च्युअलबॉक्स घेऊ, व्हीएमवेअर घेऊ की केव्हीएम? आणि ८ जीबीत भागेल का?

अर्धविराम

भागेल. विंडोज ७ च्या ३२ बिट आवृत्तीची किमान गरज १ जीबी रॅमची आहे, तुम्ही २ द्या. ४ च्या वर देण्यात अर्थ नाही, ३२ बिटला ती वापरता येत नाही. प्रोसेसरचे दोन कोअर द्या, चारही देऊ नका. लिनक्सला श्वास घ्यायला जागा नसेल तर आतलं विंडोजही रखडतं. डिस्क ३० जीबी, वाढत जाणारी. आज ती बाहेर १० जीबीच्या आसपास दिसेल, पुढे फुगेल. एकदा फुगली की आतल्या फाइली पुसून ती आपोआप आक्रसत नाही, हे ध्यानात असू द्या.

कुठलं घ्यायचं म्हणाल तर तिन्ही चालतील. केव्हीएम लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे, २००७ मधल्या २.६.२० पासून. वेग उत्तम, पण विंडोजसाठी व्हर्टआयओचे (व्हीएममधल्या नकली हार्डवेअरचे) ड्रायव्हर वेगळे द्यावे लागतात आणि ७ साठी त्यांची जुनी आवृत्ती शोधावी लागते. व्हीएमवेअर वर्कस्टेशन नोव्हेंबर २०२४ पासून सगळ्यांनाच फुकट आहे, कामधंद्यालाही. पहिल्यांदाच करताय आणि यूएसबीशी खेळायचंय, म्हणून मी व्हर्च्युअलबॉक्स सुचवीन. त्याच्या खिडकीत कुठल्या यूएसबी वस्तू आत आहेत, कुठल्या बाहेर, हे समोर दिसतं.

सुरुवातीला बायोसमध्ये जाऊन व्हीटी-एक्स (प्रोसेसरमधली व्हीएम चालवायची सोय) चालू आहे ना बघा. ते बंद असेल तर व्हर्च्युअलबॉक्सच्या यादीत फक्त ३२ बिट सिस्टीमच दिसतात. तुम्हाला हवी तीच ३२ बिट, त्यामुळे तुमच्या लक्षातही येणार नाही आणि व्हीएम सुरू करताना एरर येईल.

पानगळ

माझा प्रश्न थोडा बाजूचा आहे. माझ्याकडे विंडोज ११, त्यात व्हर्च्युअलबॉक्स टाकून लिनक्स चालवते. खाली पट्टीत हिरवं कासव दिसतं आणि सगळं खरंच कासवाच्याच गतीने चालतं. हे काय आहे?

टकटक

कासव म्हणजे व्हर्च्युअलबॉक्सला प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय थेट मिळालेली नाही. ती आधीच विंडोजच्या हायपर-व्हीने (विंडोजची स्वतःची व्हीएमची सोय) घेतलीय आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्यामार्फत जावं लागतंय. हायपर-व्ही आपण मुद्दाम चालू केलेलं नसतं. डब्ल्यूएसएल२ (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) टाकलं की तो येतो, विंडोज सँडबॉक्स टाकलं की येतो, आणि विंडोज सिक्युरिटीतल्या कोअर आयसोलेशनमध्ये मेमरी इंटेग्रिटी चालू असेल तरी येतो. हे सगळं बंद करून रीस्टार्ट केलं की कासवाच्या जागी व्हीचं चिन्ह येतं. पण मेमरी इंटेग्रिटी सुरक्षेसाठी आहे, ती बंद करायची की नाही ते तुम्ही ठरवा.

आणि लिनक्समधून फक्त टर्मिनल आणि दोनचार प्रोग्रामच हवे असतील, तर व्हर्च्युअलबॉक्स काढून टाका, डब्ल्यूएसएल२ च वापरा. तीही आतून व्हीएमच आहे, फक्त तुम्हाला तसं जाणवू देत नाही.

पानगळ

मेमरी इंटेग्रिटी राहू देते, डब्ल्यूएसएल२ करून बघते. आभार.

सफरचंद्र

मॅकवाल्यांसाठीही कोणी लिहा. एम-सिरीजचा मॅक आहे. अशाच एका डोंगलवाल्या प्रोग्रामसाठी पॅरलल्स (मॅकवरचं व्हीएमचं सॉफ्टवेअर) घ्यावं का?

अर्धविराम

@सफरचंद्र, घेण्याआधी हे वाचा. तुमचा प्रोसेसर आर्मचा. पॅरलल्स किंवा फ्यूजनमध्ये त्यावर विंडोज ११ ची आर्म आवृत्ती चालते. जुने इंटेलचे प्रोग्राम ती आवृत्ती भाषांतर करून चालवते आणि बहुतेक वेळा चांगलंच चालवते. पण हे भाषांतर प्रोग्रामपुरतं आहे, ड्रायव्हरला लागू नाही. कर्नलमधला ड्रायव्हर आर्मसाठीच बनवलेला हवा. बंद पडलेल्या कंपनीच्या डोंगलचा असा ड्रायव्हर कोण बनवणार?

यूटीएममध्ये (मॅकवरचं आणखी एक व्हीएमचं सॉफ्टवेअर) क्वेमू वापरून इंटेलचा अख्खा प्रोसेसर नकलून ३२ बिट विंडोज चालवता येतं, त्यात ड्रायव्हरही बसतो. पण ते व्हर्च्युअलायझेशन नव्हे, प्रत्येक सूचनेची नक्कल आहे, आणि वेग त्याच मानाने पडतो. विंडोज एक्सपीसारखं हलकं काही असेल तर सुसह्य. डोंगल नसेल तर पॅरलल्स बिनधास्त घ्या, डोंगल असेल तर एखादा जुना इंटेल लॅपटॉप शोधा.

जुनाखोड

विषय निघालाच आहे तर थोडी जुनी गोष्ट. रस नसेल त्यांनी पुढच्या प्रतिसादावर जावं.

ही कल्पना नवीन नाही. आयबीएमच्या मेनफ्रेमवर १९६० च्या दशकातच व्हर्च्युअल मशीन होत्या, व्हीएम/३७० १९७२ मध्ये बाजारात आलं. पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये मांडलं की प्रोसेसर नीट व्हर्च्युअलाइझ व्हायचा तर यंत्राच्या स्थितीला हात घालणारी प्रत्येक सूचना, साध्या प्रोग्रामने दिली तर अडवली गेली पाहिजे. म्हणजे देखरेख करणाऱ्याला मध्ये पडून तिचं नाटक वठवता येतं.

इंटेलचा एक्स८६ नेमका इथे नापास. त्यात पॉपएफ नावाची एक सूचना आहे. साध्या प्रोग्रामने तिच्यातून इंटरप्ट (हार्डवेअरकडून मध्येच येणारे इशारे) बंद करायला सांगितलं, तर प्रोसेसर ना ते करतो ना तक्रार करतो, सरळ पुढे जातो. आतल्या विंडोजला वाटतं इंटरप्ट बंद झाले, बाहेर कोणाला पत्ताच नाही. अशा सतरा सूचना होत्या. व्हीएमवेअरने १९९९ मध्ये यावर तोड काढली: आतल्या कर्नलचा कोड चालण्याआधी वाचायचा, अडचणीच्या सूचना तिथल्या तिथे बदलायच्या आणि मग चालवायचा. लोकांना जादू वाटली होती ती. इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच सोय दिली, तेव्हा कुठे हे सगळ्यांच्या आवाक्यात आलं. बायोसमधलं ते व्हीटी-एक्सचं बटण म्हणजे हीच सोय. कित्येक लॅपटॉपमध्ये ती अजून बंद करून का देतात, देव जाणे.

निवांत

जुनाखोडकाका, हे वाचायला मजा आली. ड्युअल बूटचा हट्ट मागे.

खटपट्या

प्रगती सांगतो. व्हीटी-एक्स चालू होतं. पण व्हीएम सुरू करताना व्हीएमएक्स रूट मोडबद्दल काहीतरी एरर आली. कर्नल नवीन आहे, ६.१४.

टकटक

हे कर्नल ६.१२ पासूनचं दुखणं आहे. आधी केव्हीएम मॉड्यूल नुसतं लोड झालेलं असलं तरी गप्प बसायचं. आता ते लोड होतानाच प्रोसेसरची सोय ताब्यात घेतं, मग व्हर्च्युअलबॉक्सला काही उरत नाही. व्हर्च्युअलबॉक्स सुरू करण्याआधी केव्हीएम_इंटेल मॉड्यूल काढून टाका, ते गेलं की केव्हीएमही काढा. दरवेळी नको असेल तर ही दोन्ही ब्लॅकलिस्ट करा, म्हणजे आपोआप लोड होणार नाहीत.

खटपट्या

झालं. विंडोज ७ बसलं, गेस्ट अ‍ॅडिशन्सही टाकले, पडदा पूर्ण भरतो. आता यूएसबी. मेनूत डोंगलचं नाव करड्या अक्षरात दिसत होतं, टिचकी मारता येत नव्हती. स्वतःला व्हीबॉक्सयूझर्स गटात घातलं आणि लॉगआउट करून परत आलो, तेव्हा टिचकी लागली. पण आत विंडोजला डोंगल दिसतच नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये युनिव्हर्सल सिरियल बस कंट्रोलरवर पिवळं उद्गारचिन्ह.

अर्धविराम

यूएसबी ३ चा कंट्रोलर निवडलाय का? विंडोज ७ कडे त्याचा ड्रायव्हर नाही. व्हीएम बंद करून सेटिंगमध्ये यूएसबी २ चा, ईएचसीआय लिहिलेला, निवडा. डोंगलला वेगाची गरज नसतेच.

आणि त्याच पानावर डोंगलचा फिल्टर घाला, म्हणजे व्हीएम सुरू झाली की ते आपोआप आत जाईल. प्रोग्राम टाकताना मात्र डोंगल काढून ठेवा. बहुतेक डोंगलांत ड्रायव्हर आधी आणि वस्तू नंतर असा क्रम लागतो. ड्रायव्हर टाकण्याआधी एक स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची नोंद) घ्या, बिनसलं तर एका टिचकीत मागे याल.

खटपट्या

ईएचसीआयने काम केलं! प्रोग्राम उघडला. इतक्या दिवसांनी तो निळा पडदा पाहून बरं वाटलं (त्या दुसऱ्या निळ्या पडद्याबद्दल बोलत नाहीये). 😀

आता प्लॉटर. लिनक्समध्ये वायर लावली की क्षणभर दिसते आणि गायब होते. लॉगमध्ये सीएच३४१ असं काहीतरी येतं, मग डिसकनेक्ट.

जुनाखोड

लॉगमध्ये त्याच्या आसपास बीआरएलटीटीवाय दिसतंय का बघा. ब्रेल डिस्प्ले चालवणारा प्रोग्राम आहे तो. काही ब्रेल डिस्प्लेमध्ये हीच सीएच३४० चिप (लॉगमधला सीएच३४१ हा तिचाच ड्रायव्हर) असते आणि तिचा ओळख क्रमांकही तोच. म्हणून उबुंटू २२.०४ आणि तिच्यावर बेतलेल्या आवृत्त्यांत तो प्रोग्राम तुमचा प्लॉटर आपलाच समजून ओढून घेतो. ब्रेल वापरत नसाल तर तो काढून टाका. घरात दुसरं कोणी वापरत असेल तर काढू नका, फक्त यूडेव्हच्या (जोडलेल्या वस्तू ओळखणाऱ्या लिनक्सच्या भागाच्या) नियमांतली त्या चिपची ओळ बंद करा.

खटपट्या

तोच होता. काढला, वायर लावली, पोर्ट टिकला. आता हा पोर्ट व्हीएमला कसा द्यावा? डोंगलसारखा आख्खा आत ढकलू का?

अर्धविराम

दोन रस्ते आहेत. आख्खा ढकललात तर आत विंडोज ७ साठी सीएच३४० चा ड्रायव्हर लागेल. दुसरा रस्ता मला जास्त आवडतो: चिप लिनक्सकडेच राहू द्या आणि व्हीएमच्या सेटिंगमध्ये सिरियल पोर्ट चालू करून होस्ट डिव्हाइस निवडा, तिथे टीटीवाययूएसबी० चा, म्हणजे लिनक्समधल्या त्याच पोर्टचा, मार्ग द्या. आत साधा कॉम१ दिसेल, त्याला कुठलाच ड्रायव्हर लागत नाही, आणि तुमच्या प्रोग्रामच्या काळी कॉम१ हेच सगळ्यात खात्रीचं पोर्ट होतं. त्यासाठी तुम्ही डायलआउट गटात असायला हवं. प्लॉटर व्हीएमच्या आधी चालू करा, नाहीतर पोर्ट नाही म्हणून व्हीएम सुरूच होणार नाही.

बॉड रेट (पोर्टचा वेग) मशीनवर जो असेल तोच प्रोग्राममध्ये ठेवा. मोठं डिझाइन पाठवताना अर्ध्यात रेघा वेड्यावाकड्या जाऊ लागल्या तर समजा की फ्लो कंट्रोल (मशीनने "जरा थांब" सांगायची पद्धत) जुळत नाहीये, तेव्हा पहिला रस्ता धरा.

पानगळ

वाचतेय, आणि एक भर घालते. फाइली आतबाहेर करायला शेअर्ड फोल्डर वापराल तर त्याला आत ड्राइव्हचं अक्षर देऊन ठेवा, झेड वगैरे. नेटवर्कचा लांबलचक मार्ग जुन्या प्रोग्रामच्या फाइल उघडायच्या खिडकीला कळत नाही.

आणि मराठी टाइप करायचं असेल तर इनस्क्रिप्ट आतल्या विंडोजमध्येही लावावं लागतं. बाहेर लिनक्समध्ये देवनागरी निवडून व्हीएममध्ये गेलात तर तिथे इंग्रजीच उमटतं. व्हीएमला फक्त कुठली कळ दाबली ते कळतं, अक्षर कुठलं ते आतली सिस्टीम ठरवते. बाहेर आणि आत भाषा बदलायच्या कळा वेगवेगळ्या ठेवा, नाहीतर कुठे बदलली तेच समजत नाही.

खटपट्या

कॉम१ च्या रस्त्याने कापलं! आधी एक चौकोन, मग वर्तुळ, मग आख्खं पान. रेघा स्वच्छ आहेत. जुनी डिझाइनंही उघडतात. सगळ्यांचे मनापासून आभार.

शेवटचा प्रश्न. आता हे असंच वर्षानुवर्षं टिकवायचंय. विंडोज ७ ला अपडेट येत नाहीत, त्याची भीती वाटते. आणि स्नॅपशॉट घेतलेत, ते बॅकअप म्हणून पुरेसे ना?

टकटक

नाहीत. स्नॅपशॉट म्हणजे मूळ डिस्कवर रचलेला फरकाचा थर. मूळ फाइल बिघडली की वरचे सगळे थर निकामी, आणि ते असतात त्याच डिस्कवर. फोल्डरमध्ये दिसणाऱ्या त्या छोट्या फाइली कधीही हाताने पुसू नका. नको असलेला स्नॅपशॉट व्हर्च्युअलबॉक्समधूनच काढा, थर एकत्र व्हायला वेळ लागतो, घाई करू नका. बॅकअपसाठी व्हीएम पूर्ण बंद करा (झोपवलेली नको), सगळे स्नॅपशॉट काढा, आणि आख्खं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा.

क्लोन करण्यापेक्षा सरळ कॉपी बरी. क्लोन करताना मॅक पत्ता (नेटवर्क कार्डचा ओळख क्रमांक) नवा द्यायचा का विचारतात. काही प्रोग्रामचं लायसन्स त्या पत्त्याला बांधलेलं असतं, आणि विंडोजचं अ‍ॅक्टिव्हेशनही हार्डवेअरच्या खुणा तपासतं.

जुनाखोड

नेटबद्दल: विंडोज ७ चे मोफत अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले. पण तुमच्या व्हीएमला नेट लागतंच कशाला? सेटिंगमध्ये नेटवर्क अ‍ॅडॉप्टर चालूच ठेवा, म्हणजे मॅक पत्ता शाबूत राहील, फक्त "केबल जोडलेली आहे" यावरची खूण काढा. शेअर्ड फोल्डरला नेटवर्क लागत नाही, ते चालू राहील. मात्र त्यात सगळं होम फोल्डर देऊ नका, डिझाइनपुरतं एकच फोल्डर द्या. आत काही शिरलंच तर त्याला तेवढंच दिसेल.

डोंगलची मात्र कॉपी होत नाही, तेवढं जपा. ते लॅपटॉपला थेट लावून ठेवण्यापेक्षा छोट्या एक्स्टेंशन वायरीवर लावा. धक्का लागला तर वायर वाकेल, डोंगल वाचेल.

निवांत

आणि प्रिंटर? तोही आत लावायचा का?

अर्धविराम

नको. आतून पीडीएफ करा, शेअर्ड फोल्डरमध्ये टाका, लिनक्समधून छापा.